बाससाठी लूर किती वेगाने ओढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमधल्या फ्रिस्कोला राहायला आलात, नोव्हेंबरपासून दर शनिवारी पहाटे लेक रे रॉबर्ट्सच्या काठावर उभे राहता, क्रँकबेट (छोट्या माशासारखं दिसणारं लूर, म्हणजे खोटं आमिष) लांब फेकता, रीळ फिरवून परत आणता, आणि तीन महिन्यांत एकही बास, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, लागलेला नाही. शेजारचे अमेरिकन आजोबा तसलंच लूर वापरून सकाळभरात दोन-तीन काढतात. तर रीळ नेमकं किती वेगाने फिरवायचं?

तुमच्या रिळावर बहुतेक ८.१:१ किंवा त्याच्या आसपासचा आकडा छापलेला असेल. नवख्याला दुकानात हटकून तेच देतात, मलाही दिलं होतं. अर्थ इतकाच की हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (दोरा गुंडाळायची चक्री) आठ वेळा फिरतो आणि साधारण ८० सेंटिमीटर दोरा आत येतो. ५.४:१ च्या रिळात तोच ५५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. आपण उत्साहात सेकंदाला दोन फेरे मारतो, म्हणजे लूर सेकंदाला दीड मीटरहून जास्त पळतं. आजोबांचं रीळ जुनं असणार आणि त्यांना घरी जायची घाईही नसणार. त्यांचं लूर तुमच्या एक तृतीयांश वेगाने येत असेल, तर माशाच्या दृष्टीने ती दोन वेगळीच लुरं झाली.

त्यात तुम्ही सुरुवात केलीत थंडीत. उत्तर टेक्ससमधल्या तलावांचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीही जातं. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं, पचन मंदावतं, अंगातली चपळाई जाते. अशा पाण्यात बास उपाशी नसतो, पण घासामागे दहा फूट धावणं त्याला परवडत नाही. नाकासमोर काही रेंगाळलं तरच तोंड उघडतो. टेक्ससचा आजवरचा सगळ्यात मोठा बास, १८.१८ पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोंचा, लेक फोर्कवर मिळाला तो जानेवारी १९९२ मध्ये. बॅरी सेंट क्लेअर खरं तर क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी जिवंत मिनो, म्हणजे बोटभर मासळी, लावून बसले होते. महागडी बोट घेऊन लुरं फेकणाऱ्यांना हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा तंगूस, गरी, शिसं आणि कोळंबीचा तुकडा एवढाच सरंजाम. आमिष पाण्यात पडून राहायचं, ओढ बोटाला कळायची. इथे आल्यावर हातात हँडल आलं आणि ते फिरवलंच पाहिजे असं वाटायला लागलं. माझा पहिला बास मिळाला तो रिळात दोऱ्याचा गुंता झाला म्हणून. दोन-तीन मिनिटं मान खाली घालून नखाने गुंता सोडवत होतो, लूर कुठे आहे हेही विसरलो होतो. गुंता सुटला, दोरा ताणला, तर पलीकडून कोणीतरी ओढतंय. तेव्हा वाटलं नशीब. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा डोकं चालवलं.

म्हणून वेगाच्या आकड्यापेक्षा वेग कुठे बदलतो हे बघा. तेच ते टिकटिक करत सरळ जाणारं लूर बास पाठलाग करत बघतो आणि सोडून देतो. ते अडखळलं, थांबलं, दचकून बाजूला वळलं की मात्र झडप घालतो. क्रँकबेट तर त्यासाठीच बनवलंय. पुढची पारदर्शक जीभ पाणी दाबते म्हणून ते खाली जातं, आणि सोडलं की बहुतेक क्रँकबेटं तरंगून वर येतात. रे रॉबर्ट्समध्ये बुडालेली झाडं भरपूर आहेत. खोडाला टक्कर लागल्याचं हाताला कळलं की लगेच हँडल थांबवा. लूर मागे सरकत दोन वीत वर येईल, अडकायचंही वाचेल, आणि बास घेतो तो बहुतेक त्याच क्षणी. कुठेच आपटत नसेल तर तुम्ही चुकीच्या खोलीवर ओढताय. जोरात ओढलं की आणखी खोल जाईल हा गैरसमज आहे. एका मर्यादेपुढे ते कलंडतं आणि वर येतं. खोली हवी तर लांब फेका, दोरा बारीक घ्या.

नॉर्थ कॅरोलायनाचे गरवण्यातले जाणकार बक पेरी यांनी गेल्या शतकात हेच लावून धरलं होतं: खोली आणि वेग, दोन्ही आपल्या ताब्यात हवेत. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणजे असं बोलणारच. पण खोली चुकली तर वेगाची चर्चा फुकट, हे मला पटलंय.

आत्ताच्या थंड पाण्यासाठी मी क्रँकबेट बाजूला ठेवून जर्कबेट (झटके देऊन चालवायचं लांबट लूर) घेईन, तेही पाण्यात अधांतरी राहणारं. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून दोन झटके द्यायचे, आणि मग काहीही करायचं नाही. अजिबात नाही. ‘थांबलो होतो की’ म्हणणारे बहुतेक जण दोन सेकंद थांबलेले असतात. मी मनात बेचा पाढा म्हणतो, बे दाहे वीस झाल्याशिवाय हात हलवत नाही. माझी मुलगी सोबत असली की ती मोठ्याने म्हणते, आणि पलीकडचे आजोबा आमच्याकडे बघत राहतात.

प्लॅस्टिकचा किडा टेक्सस रिगवर (पुढे शिसं आणि गळाचं टोक किड्यात लपवलेलं) लावलात तर रीळ जवळजवळ विसरा. किडा रॉडने उचलायचा आणि खाली पडू द्यायचा; रीळ फक्त ढिला दोरा गोळा करायला. मासा बहुतेक वेळा पडत्या किड्यालाच घेतो. बास चावा मारत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत खेचतो, त्यामुळे दोरा जरा सैल असेल तर किडा सहज आत जातो. झटका हाताला लागेलच असं नाही. दोऱ्याकडे बघत राहायचं, तो टिचकी मारल्यासारखा उडतो किंवा बाजूला सरकायला लागतो.

मग वेग कधी लागतो? लागतो. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या घरात गेलं की हाच बास धावतो. नितळ पाण्यात स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं लूर) पृष्ठभागाच्या जरा खालून सुसाट ओढलं तर त्याला नीट निरखायला वेळच मिळत नाही, आधी पकडतो आणि मग कळतं. गढूळ पाण्यात उलट. तिथे तो अंगावरच्या पार्श्वरेषेने कंपनं टिपत लूर शोधतो, म्हणून गोल पात्याचं स्पिनरबेट हळू, धपधप जाणवेल असं आणायचं. पाणवनस्पतींवरून बेडूक-लूर ओढताना पाणी फुटलं की लगेच हिसका मारू नका, वजन जाणवू द्या. आपल्याकडे मरळ धरणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

एक सोपा प्रयोग करा. लूर पायाजवळच्या स्वच्छ पाण्यात सोडून वेगवेगळ्या वेगाने ओढून बघा. कुठल्या वेगाला ते नीट पोहतं आणि कुठल्या वेगाला वेड्यासारखं करतं, ते डोळ्यांना दिसेल. मी हे दोन वर्षं केलंच नव्हतं.

स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायला टेक्ससमध्ये परवाना लागत नाही, पार्कबाहेर किंवा बोटीतून लागतो. बहुतेक तलावांवर १४ इंचांखालचा बास परत सोडावा लागतो आणि दिवसाला पाचच ठेवता येतात. लेक फोर्कचे नियम वेगळे आहेत. ठेवण्याचा प्रश्न आमच्या घरी येत नाही. बायकोला सुरमईच लागते, आणि मी रॉड उचलला की ती एवढंच म्हणते, “आता बास.”

येत्या शनिवारी जर्कबेटबरोबर लांब चोचीची पक्कड न्या. त्या लुरांना तीन-तीन टोकांचे गळ असतात, आणि मासा हातात फडफडला की त्यातलं एक तुमच्या अंगठ्यात जातं. माझ्या गेलेलं आहे.