'उमायोरोई'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: जपानी 'उमायोरोई'साठी मराठीत घोड्याचे चिलखत म्हणावे की झूल? आणि त्यावरच्या चकचकीत लेपाला 'लाखकाम' म्हटले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर या दोन्हींपेक्षा नेमके आहे: पाखर. हत्तीघोड्यांच्या चिलखताला मराठीत हाच शब्द आहे, प्राकृतातल्या 'पक्खर'वरून आलेला. 'मायेची पाखर'मुळे आज तो फक्त पंखाच्या अर्थाने आठवतो, पण घोड्यावर पाखर घालणे हा जुना, रुळलेला प्रयोग आहे. झूल म्हणजे नुसते शोभेचे कापड. चिलखत चुकीचे नाही, पण ते ऐकताना डोळ्यांपुढे आधी माणूस येतो.

लोखंडी पाखर जपानमध्ये होती, पण फार जुनी. वाकायामातल्या ओतानी थडग्यात घोड्याचे लोखंडी शिरस्त्राण सापडले, ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक उमायोरोई मात्र एदो काळातल्या (१६०३ ते १८६८), मुख्यतः मिरवणुकीसाठी केलेल्या. त्यांत लोखंड क्वचितच. कच्चे कातडे भिजवून मऊ करायचे, साच्यात दाबून मध्ये उठाव आणायचा, वाळवायचे आणि लेप देऊन वर सोनेरी रंग चढवायचा. असे दोन-तीन सेंटिमीटरचे शेकडो चौकोनी तुकडे तागासारख्या जाड कापडावर ओळीने शिवतात. तुकडे सुटे असल्यामुळे घोड्याच्या हालचालीबरोबर कापड वळते. कातडे आतून ओले असताना लेप दिला तर ते नंतर आक्रसते, तुकडा वाकडा होतो आणि लेपाला तडे जातात.

भागांची नावे मराठीत सहज बसतात. कुरा म्हणजे खोगीर. आबुमी म्हणजे रिकीब, पण ही एका बाजूने उघडी असते आणि सबंध पाऊल टेकेल इतकी लांब. शिरिगाई ही दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, मुनागाई हा छातीवरचा पट्टा. घोड्याच्या तोंडावरच्या 'बामेन'ला मात्र शिरस्त्राण म्हणू नका, मुखवटाच म्हणा. तो घडवलेल्या कातड्याचा किंवा साच्यावर कागदाचे थर चिकटवून केलेला असतो, आणि पुष्कळदा त्याला घोड्याऐवजी शिंगे-मिशांच्या ड्रॅगनचे तोंड दिलेले असते. कागदी मुखवट्याला शिरस्त्राण म्हटले की वाचक तलवारीचा वार अडवणारी वस्तू समजतो.

आता लेप. 'लाखकाम' हा शब्द मी ठामपणे टाळायला सांगेन. लाख किड्यांपासून मिळते, उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. पाखरीवरचा लेप उरुशीचा असतो; उरुशी हा झाडाचा चीक आहे आणि एकदा घट्ट झाला की यांपैकी काहीच होत नाही. झाड बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातले, म्हणून ओला चीक अंगाला लागला की बिब्बा उतावा तसे फोड येतात. त्याला 'वाळणे' हे क्रियापदही बरोबर नाही. उरुशी दमट हवेतच घट्ट होते, कारण तिच्यातले विकर (एन्झाइम) ओलाव्यात ऑक्सिजनच्या साहाय्याने काम करते. त्यासाठी वस्तू बंद कपाटात सुमारे २० ते २५ अंश सेल्सिअस आणि ७० ते ८० टक्के आर्द्रतेत ठेवतात. कोरड्या हवेत लेप दिवसेंदिवस चिकटच राहतो. थर जाड दिला तर वरची साय आधी धरते, खालचा चीक ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. मग घासून काढून पुन्हा पातळ थर देण्यावाचून उपाय नसतो. म्हणून 'उरुशी वाळली' ऐवजी 'उरुशी धरली' लिहावे.

चित्राखाली ओळ द्यायची असेल तर अशी: 'घोड्याची पाखर व मुखवटा, कातडे, कापड व कागद, उरुशीचा लेप, सोनेरी रंग, जपान, एदो काळ.' 'उमायोरोई' आणि 'बामेन' हे मूळ शब्द पहिल्या उल्लेखात एकदा द्यावेत, पुढे मराठी शब्द पुरतात.