लिनक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनमधला विंडोज ७ (म्हणजे गेस्ट) कासवगतीने चालतोय. रॅम वाढवू की पॅराव्हर्च्युअलायझेशन, म्हणजे गेस्टचा कर्नल (ओएसचा गाभा) बदलणं, लागेल?

रॅमला हात लावू नका. बायोसमध्ये व्हीटी (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू आहे आणि तरी जुन्या पीसीच्या डिस्कवरून बनवलेल्या विंडोज ७ ला डेस्कटॉप दाखवायला दहा मिनिटं लागतात, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ बहुधा क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली, व्हीटी वापरणारी सोय) वापरतच नाहीये. नुसतं क्यूएमू सुरू केलं की ते चुपचाप टीसीजीवर जातं, म्हणजे गेस्टची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित होते. क्यूएमू सुरू करायच्या कमांडच्या ओळीत 'एनेबल केव्हीएम' आणि 'सीपीयू होस्ट' हे दोन्ही पर्याय द्या. मग क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (त्याच्या कमांड खिडकीत) 'इन्फो केव्हीएम' विचारा. उत्तर 'एनेबल्ड' यायला हवं. परवानगी नाकारली तर तुमचं खातं केव्हीएम गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा.

आता ते "गेस्टचा कर्नल बदलल्याशिवाय वेग येत नाही असं ऐकलं". ऐकलं असणारच. आमच्याकडचे एक ज्येष्ठ आजही मीटिंगमध्ये हेच ऐकवतात.

एके काळी त्यात तथ्य होतं. एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) पॉपएफ नावाची सूचना आहे. गेस्ट कर्नलला कमी अधिकारांच्या रिंगमध्ये ढकललं आणि त्याने पॉपएफ वापरून इंटरप्ट बंद करायला पाहिलं, तर प्रोसेसर तो बदल नुसता गिळून टाकतो. ट्रॅप नाही, एरर नाही, हायपरवायझरला (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) पत्ताच नाही. म्हणून व्हीएमवेअर हे हायपरवायझर बायनरी ट्रान्सलेशन करायचं, म्हणजे अशा सूचना चालता चालता बदलायचं, आणि झेन हे दुसरं हायपरवायझर बदललेला कर्नल मागायचं. विंडोजचा सोर्स हातात नसल्याने दुसरा रस्ता आपल्याला बंदच होता. २००५ च्या अखेरीस इंटेलचं व्हीटी-एक्स आणि २००६ मध्ये एएमडी-व्ही आलं. गेस्ट कर्नल खऱ्या रिंग शून्यात राहू लागला, फक्त नॉन-रूट (हायपरवायझरच्या ताब्यातल्या) मोडमध्ये, आणि हायपरवायझरने नेमून दिलेल्या गोष्टींवरच एक्झिट (ताबा हायपरवायझरकडे जाणं) होऊ लागली. मग झेनवरही न बदललेलं विंडोज बूट व्हायला लागलं.

पहिली पिढी मंद होती, हे मान्य. गेस्टने पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) बदललं की हायपरवायझरला मध्ये पडावं लागायचं. एएमडीच्या बार्सिलोना प्रोसेसरमध्ये एनपीटी (२००७) आणि इंटेलच्या नेहालेममध्ये ईपीटी (२००८), म्हणजे गेस्टच्या पत्त्यांचं भाषांतर हार्डवेअरमध्येच करायची सोय, आल्यावर ती कटकट गेली. बदल्यात ६४-बिट गेस्टमध्ये टीएलबी (पत्त्यांचा कॅशे) चुकला की दोन्ही तक्त्यांच्या चार-चार पातळ्यांमुळे वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागते. ह्यूज पेजेसने (मेमरीच्या मोठ्या पानांनी) तेही बरंच कमी होतं. आमच्या त्या ज्येष्ठ साहेबांचं घड्याळ मात्र २००६ वरच थांबलंय.

डिस्क आणि नेटवर्कसाठी व्हर्टआयओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली उपकरणं आणि त्यांचे ड्रायव्हर) घ्याच. नकली आयडीई (जुन्या पद्धतीच्या डिस्क) कंट्रोलरच्या रजिस्टरला हात लावला की दरवेळी एक्झिट होते. "मग गेस्ट बदललाच ना?" असा प्रश्न येतो. नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज बदललं असं कुणी म्हणत नाही.

पण डिस्क थेट व्हर्टआयओवर नेलीत तर निळा स्क्रीन येईल, ०x७बी. बूटच्या वेळी विंडोजकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नसतो. मुख्य डिस्क जुन्या पीसीत ज्या मोडवर होती त्याच मोडवर ठेवा, आयडीई किंवा एएचसीआय. सोबत १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडा, बूट करा, डिव्हाइस मॅनेजरमधून व्हर्टआयओ-विन आयएसओतला व्हायोस्टॉर हा डिस्क ड्रायव्हर टाका, बंद करा, मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. विंडोज ७ साठी ०.१.१७३ ची जुनी आयएसओ घ्या, ताज्या आवृत्तीच्या नादी लागू नका. जुना पीसी यूईएफआयवर (बायोसच्या नव्या पिढीवर) बूट होत असेल तर गेस्टलाही ओव्हीएमएफ (क्यूएमूसाठीचं यूईएफआय) द्या.

आणि हो, हार्डवेअर बदललं म्हणून विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतं. पीसीसोबत आलेला ओईएम परवाना त्या पीसीपुरताच असतो. क्यूएमू चालतं त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हा दुसरा व्हर्च्युअल मशीन प्रोग्रामही असेल तर दोन्ही एकाच वेळी चालवू नका. लिनक्स ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं, त्यामुळे एकही केव्हीएम मशीन चालू नसताना व्हर्च्युअलबॉक्स एरर देऊ शकतं. तसं झालं तर आधी केव्हीएमचं मॉड्यूल काढा.