जपानच्या गिरण्या आणि मुंबईचा कापूस

प्रश्न : सर, दोनशे वर्षं दार लावून बसलेल्या जपानला अमेरिकेच्या चार जहाजांनी व्यापाराला भाग पाडलं, असं मुलीच्या पुस्तकात आहे. पण दार उघडलं म्हणून कारखाने कसे उभे राहिले?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : उलट, दार उघडल्यावर जपानची पंचाईतच झाली. ती चार जहाजं घेऊन अमेरिकी आरमाराचा अधिकारी कमोडोर पेरी आला १८५३ मध्ये. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि १८६६ मध्ये आयात जकात पाच टक्क्यांच्या आसपास बांधून टाकली गेली. विलायती सूत आत येत राहिलं. जकात वाढवून ते अडवायची सोय उरली नव्हती.

१८६८ नंतर जपानच्या नव्या, मेईजी सम्राटाच्या सरकारने रेल्वे टाकली, तोमिओकाला रेशमाची गिरणी काढली. कापसाच्या गिरण्याही उभारल्या, पण दोन-दोन हजार चात्यांच्या (सूत कातणाऱ्या यंत्रातल्या फिरत्या दांड्यांच्या) त्या लहान गिरण्यांना नफा काही दिसला नाही. खरं वळण मला दिसतं ते ओसाकात. उद्योजक एईची शिबुसावा यांनी भांडवल जमवलं आणि १८८३ मध्ये १०,५०० चात्यांची, वाफेवर चालणारी गिरणी सुरू झाली. दिवसपाळी, रातपाळी, यंत्राला विश्रांती नाही.

इतक्या चात्यांना कापूस पुरवणार कोण? इथे आपली मुंबई येते. माझे वडील परळच्या गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा. आपला कापूस आखूड धाग्याचा, पण स्वस्त, आणि जाड सुताला चालणारा. अडचण जहाजभाड्याची होती, कारण या मार्गावर पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या साथीदार कंपन्यांची मक्तेदारी होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कायशा या जपानी जहाज कंपनीची मुंबई-कोबे फेरी सुरू झाली. पी अँड ओने भाडं टनाला दीड रुपयापर्यंत पाडलं. तरी जपानी गिरणीवाले फुटले नाहीत. जपानी जहाजांतूनच गाठी आणायच्या असा त्यांचा करार होता. या एकजुटीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जपान सरकारनेही १८९४ मध्ये सुताची निर्यात जकात आणि १८९६ मध्ये कापसाची आयात जकात काढली. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. आपल्या गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं चीन. तिथेच हे सूत समोर उभं ठाकलं.

मुलीला आणखी एक सांगा. ती रातपाळी बहुतेक खेड्यांतून आणलेल्या तरुण मुली करत. बारा-बारा तास काम, झोपायला गिरणीच्याच खोल्या. बायकांची रातपाळी तिथे १९२९ मध्ये बंद झाली.