"शाळेत सगळंच थोडं थोडं करतात, मग माझं मूल वाचायला कधी लागणार?"

ही काळजी घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षाला निदान पाच-सहा आईबाबा तरी येतात. शाळा चांगली असते, मुलं हसत जातात, शिक्षक रागावत नाहीत, आणि तरीही रात्री झोप लागत नाही कारण शेजारच्या साध्या शाळेतलं त्याच वयाचं मूल धडाधड वाचतंय. त्यातली एक केस सांगते, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ईशान, साडेसात वर्षांचा, दुसरीत. आधी वह्या भरून घेणाऱ्या शाळेत होता, तिथे रोज पोटात दुखायचं म्हणून सहाव्या वर्षी वेगवेगळ्या शिक्षणपद्धती एकत्र वापरणाऱ्या एका प्रयोगशील शाळेत आणला. पोटदुखी गेली. पण वाचन जिथे होतं तिथेच. आई म्हणाली, "मॅडम, मॉन्टेसरी पण आहे, वॉल्डोर्फ पण आहे, प्रोजेक्ट पण आहेत, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. काढू का त्याला तिथून?"

मी लगेच काही बोलले नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या म्हटलं (हे सांगितलं की लोकांना वाटतं मॅडम विषय टाळताहेत, पण खरंच आधी तेच करायचं असतं). ते नॉर्मल आलं. मग मी त्याच्याबरोबर आवाजांचे खेळ खेळले, 'कमळ' मधला क काढला तर काय उरतं, यमक जुळव, अर्थ नसलेला शब्द वाच. आवाज त्याला छान कळत होते. अडत होता तो जोडाक्षरांत आणि पहिल्या वेलांटीत, जी लिहितात अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, आणि खरं सांगायचं तर त्यात अडणं काही जगावेगळं नाही. मी निदान करणारी नाही, त्यामुळे आईला स्पष्ट सांगितलं की तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर विशेष शिक्षकाकडून वाचनाची रीतसर तपासणी करून घ्यायची. "फुलेल तेव्हा फुलेल" म्हणून नुसतं बसायचं नाही. प्रयोगशील शाळांचं हे मला न पटणारं अंग आहे, थांबायचं असेल तर डोळे उघडे ठेवून थांबा ना, तारीख घालून, नोंद ठेवून.

मग एक सकाळ त्याच्या वर्गात मागे बसून काढली. ईशानने सुट्या अक्षरांची पेटी घेतली, चटईवर मांडून 'माझा पाय' इतकं लावलं, 'दुखतो' साठी द शोधत होता. तेवढ्यात वेळ संपली, प्रोजेक्टचा तास. त्याने दोन्ही हातांनी ती ओळ झाकली. ताई प्रेमाने म्हणाल्या उद्या कर, आणि अक्षरं पेटीत गेली. प्रोजेक्टमध्ये 'पाणी कुठून येतं' यावर मुलांचे प्रश्न फळ्यावर लिहायचे होते, तो गप्प. नंतर तिसऱ्या ताईंनी सुंदर गोष्ट सांगितली गरुडाची, आणि पसरलेल्या पंखांतून 'ग' काढला, सगळ्यांनी बघून रंगवायचा. हाच 'ग' त्याने मागच्या आठवड्यात अक्षरांच्या पेटीवाल्या ताईंकडे खरखरीत कागदावर बोट फिरवून शिकला होता. इथे तो शेजारच्या मुलीला हळूच विचारतो, "इथे आपलं आपण करायचं असतं की ताई करतील तसं?"

मला सगळ्या केसची चावी तिथे मिळाली. पोरगं अक्षरापेक्षा जास्त डोकं नियम ओळखण्यात घालवत होतं. नंतर चित्र काढता काढता मला म्हणाला, "एका ताई म्हणतात तू बघ तुला कळेल, एका म्हणतात आधी मी करते मग तू, आणि आई म्हणते आटप." घरी रात्री वर्कशीट चालायची हे मला तेव्हा कळलं. म्हणजे चौथी पद्धत.

आता पद्धतींबद्दल थोडं, कारण आईबाबांना वाटतं हे सगळं एकाच जातीचं, 'मुलांच्या कलाने'. तसं नाहीये. मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या, 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिली बालशाळा सुरू केली. त्यांच्याकडे मूल चौथ्या वर्षाच्या आसपास अक्षराचा आवाज आणि आकार हाताने शिकतं, चूक झाली तर ती साहित्यातच दिसते, मोठ्यांनी बोट दाखवायचं नाही, आणि सकाळचे जवळपास तीन तास न तोडता काम. वॉल्डोर्फची पहिली शाळा 1919 ची, श्टुटगार्टला, सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ स्टायनर यांनी काढलेली. तिथे अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत मुद्दाम लांबवतात, मग चित्रातून आणि गोष्टीतून आणतात, सगळा वर्ग शिक्षकाबरोबर एकत्र चालतो. मॉन्टेसरी म्हणतात लहान मुलाला आधी खरं जग द्या, स्टायनर म्हणतात परीकथा द्या. दोन्हीकडे विचार आहे, पण एकाच मुलाला एकाच दिवशी दोन्ही दिले तर ते आपोआप जुळत नाहीत, ते मोठ्यांनी बसून जुळवावे लागतात.

म्हणून शाळेत तिन्ही ताईंना एकत्र बोलावलं. दोन वर्षांत या तिघी एका मुलावर एकत्र कधी बोलल्याच नव्हत्या, वेळापत्रकावर मात्र खूप बोलल्या होत्या! थोडी धुसफूस झाली, गोष्टीवाल्या ताईंना वाटलं मी त्यांचा विषय काढून घेतेय. तसं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं की वाचन एकाच वाटेने, आवाजाकडून अक्षराकडे, आणि सकाळचे अडीच तास मध्ये कुणी तोडायचं नाही, अर्धं राहिलेलं काम चटईवर नाव लावून तसंच ठेवायचं. गोष्ट राहील पण गोष्ट म्हणूनच, तिच्यातून अक्षर काढायचं नाही सध्या. प्रोजेक्टमध्ये त्याने चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायच्या, दोन-दोन शब्दांच्या. आणि रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमधली एक सवय उचलली, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायची. इटलीतल्या त्या गावात दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांनी स्वतः शाळा उभारल्या आणि लोरिस मालागुत्सी या शिक्षकाने पुढे ते काम वाढवलं, तिथे अशा नोंदी भिंतीवर लावतात. आमच्यासाठी त्याचा उपयोग साधा होता, तिघींची वही एकच झाली.

घरचं काम जास्त अवघड होतं. आईला सांगितलं वर्कशीट बंद, रोज पंधरा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, मध्ये "हे कोणतं अक्षर?" विचारायचं नाही. तिने वर्कबुक कपाटात वर ठेवलं आणि दोनदा परत काढलं, तिनेच कबूल केलं. दुसऱ्यांदा ईशान म्हणाला, "आई, तू पण विसरलीस का इथे काय करायचं असतं?" त्यावर ती माझ्यासमोर हसली पण डोळे भरले होते.

पहिला महिना काही दिसलं नाही. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठ्या लांबल्या. तिसऱ्यात तो हळूहळू का होईना वाक्य वाचायला लागला, तपासणीची गरज वाटली नाही. लिहायला अजूनही कंटाळतो. आणि शाळा बदलायचं? आईने तो विचार सोडलेला नाही, मोठ्या शाळेत गेल्यावर परीक्षेचं काय हा तिचा प्रश्न बरोबरच आहे. मी म्हटलं इथल्या शेवटच्या वर्षात घड्याळ लावून लिहायचा सराव मुद्दाम करा, पण तो आत्ता दुसरीत नको.

तुमच्याही मुलाची शाळा अशी मिश्र असेल तर पद्धतींची नावं विचारू नका, ती सगळ्यांना पाठ असतात. विचारा की माझ्या मुलाचं वाचन नेमकं कोण बघतंय आणि त्याची शेवटची नोंद कधीची आहे. उत्तर द्यायला तीन जण एकमेकांकडे बघायला लागले तर तिथेच थांबून बोला.

शेवटच्या भेटीला ईशान दारावरची माझी पाटी बघत उभा राहिला. "समुद्र..." म्हणाला आणि थांबला. आईने सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तो परत मागे गेला, बोट ठेवून. "द्र नाहीये इथे. स, मु, प..."