वाचकांचे प्रश्न : बाळंतपणात पाठीतून दिली जाणारी भूल

या वेळची बहुतेक पत्रे सिझेरियनच्या वेळी पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलीविषयी, म्हणजे स्पायनलविषयी आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रे वाचताना असे दिसले की धास्ती बहुतेकींना कंबरदुखीची आहे. ज्या डोकेदुखीसाठी खरोखर डॉक्टरांना गाठायला हवे, ती मात्र ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून दिली जाते. उत्तरांची लांबी त्या हिशेबाने कमी-जास्त ठेवली आहे.

प्रश्न : माझे पहिले सिझेरियन होऊन चार वर्षे झाली, तरी कंबर दुखतेच. पाठीत इंजेक्शन घेतले की जन्मभर कंबर धरते असे सगळ्यांकडून ऐकते. आता दुसऱ्या वेळी मी पूर्ण भूल मागून घ्यावी का?

केवळ या कारणासाठी पूर्ण भूल मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मज्जारज्जू प्रौढ माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. भुलीची सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीतून आत जाते. तिथे द्रवात सुटे लोंबणारे मज्जातंतू असतात आणि सुईचे टोक आले की ते सहसा बाजूला सरकतात. सुईची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते आणि औषध असते दोन मिलिलीटरच्या आसपास. टोचलेली जागा दाबल्यावर दोन-चार दिवस हुळहुळते, फट सापडेपर्यंत दोन-तीनदा टोचावे लागले असेल तर जरा जास्तच. पण ते दुखणे आपोआप जाते.

चार वर्षे टिकलेल्या दुखण्याची कारणे बहुधा वेगळीच असतात. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचा भार पुढे गेल्याने कंबरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणले जाऊन दुबळे होतात, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने वाकून बाळाला पाजणे, उचलणे, कडेवर घेणे चालू राहते. पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दीर्घकाळच्या कंबरदुखीचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आढळले आहे. सुई मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते, म्हणून दोष तिच्या माथी येतो.

पूर्ण भुलीचे धोके गरोदर स्त्रीत नेहमीपेक्षा अधिक असतात. घशातील सुजेमुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होऊ शकते, पोटातील अन्न व आम्ल वर येऊन फुफ्फुसात जाण्याची भीती असते, आणि भुलीच्या वायूंमुळे गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय बाळ जन्मताना तुम्ही जाग्या नसता. तातडीच्या प्रसंगी पूर्ण भूल देतात आणि ती देणे योग्यही असते; परंतु निवडीला वाव असताना बहुतेक भूलतज्ज्ञ स्पायनलच सुचवतात. तुमच्या कंबरेची तपासणी मात्र स्वतंत्रपणे करून घ्या. कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पूर्वी मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते भूलतज्ज्ञांना प्रसूतीच्या तारखेआधीच कळवा.

प्रश्न : भूल दिल्यावर दोन मिनिटांतच माझ्या बहिणीचा जीव घाबरला, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपी खाली आल्याचे नंतर सांगण्यात आले. याने बाळाला काही झाले असेल का?

रक्तदाब उतरणे ही स्पायनलची सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे; प्रतिबंधक उपाय केले नाहीत, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती दिसते. भुलीचे औषध वेदनेच्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्यांचा ताण राखणाऱ्या तंतूंनाही बधिर करते. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचते, आणि त्यात उताणे झोपल्यास भरलेले गर्भाशय मोठ्या नीलेवर दाब देऊन हृदयाकडे परतणारे रक्त आणखी अडवते. म्हणूनच टेबल डावीकडे थोडे कलते ठेवतात किंवा उजव्या कुशीखाली उशी सरकवतात, शिरेतून सलाईन जलद सोडतात आणि फिनाइलएफ्रिनसारखे वाहिन्या आवळणारे औषध देतात. त्या वेळी रक्तदाब दर एक-दोन मिनिटांनी मोजला जातो. मळमळ हीच पुष्कळदा रक्तदाब उतरल्याची पहिली खूण असते, त्यामुळे ती लगेच बोलून दाखवावी.

वारेकडे जाणारे रक्त आईच्या रक्तदाबावर अवलंबून असते. रक्तदाब बराच वेळ खाली राहिला, तर बाळाचे ठोके मंदावू शकतात. काही मिनिटांत सावरलेल्या उताराने सहसा बाळाला इजा होत नाही. तुमच्या बहिणीचे बाळ जन्मतः नीट रडले असेल, तर ही चिंता सोडून द्यावी.

याच सुमारास छाती जड वाटते, खोल श्वास घेतल्याचे समाधान मिळत नाही. बरगड्यांमधील स्नायू बधिर झाल्याने असे होते, आणि स्पष्ट बोलता येत असेल व हाताची मूठ घट्ट वळता येत असेल तर त्यात घाबरण्यासारखे नसते. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, हात लुळे पडू लागले किंवा आवाज पुटपुटल्यासारखा झाला, तर भूल गरजेपेक्षा वर चढत आहे असे समजावे. हे क्वचित घडते. क्वचित प्रसंगी त्यात श्वासाला यंत्राचा आधार द्यावा लागतो. म्हणूनच भूल देणारी व्यक्ती शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाच्या उशाशी असणे हा नियम आहे.

प्रश्न : भूल घेतल्यानंतर अंगाला कापरे भरले, नाकाला खाज सुटली आणि लघवीची नळी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली. हे ॲलर्जीचे लक्षण होते का?

बहुधा नाही. कापरे स्पायनलनंतर सर्रास भरते. खाज ही भुलीत मिसळलेल्या फेन्टॅनिल किंवा मॉर्फिन या वेदनाशामकांमुळे येते आणि काही तासांत जाते. मूत्राशयाची जाणीव भुलीमुळे काही काळ जाते, म्हणून नळी ठेवतात. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे असती, तर ॲलर्जीचा विचार करावा लागला असता.

प्रश्न : बाळ आठ दिवसांचे आहे. तिसऱ्या दिवसापासून उठून बसले की डोके असे दुखते की पाजणेही होत नाही. आडवे झाले की थांबते. मान आखडते, कानात दडे बसल्यासारखे वाटते. जागरणामुळे असेल, असे घरचे म्हणतात. दोन मुद्दे विचारायचे आहेत : हे आपोआप बरे होईल का, आणि मी उशी न घेता झोपले असते तर टळले असते का?

तुमच्या पत्रातली बसल्यावर दुखणे आणि आडवे झाल्यावर थांबणे ही खूण इतकी नेमकी आहे की ती वाचताच सुईच्या छिद्राचा संशय येतो. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सुईने पडलेले छिद्र लगेच बुजले नाही, तर त्यातून द्रव झिरपत राहतो. उभे राहिल्यावर आधार कमी पडलेला मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याची आवरणे ताणली जातात आणि रक्तवाहिन्या फुगतात. कान व मान यांच्या तक्रारीही त्याच कारणाने येतात, काहींना एकाच्या दोन वस्तू दिसतात.

हा त्रास स्पायनल भुलीइतकाच जुना आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट १८९८ मध्ये शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी ही भूल प्रथम वापरली आणि नंतर ती स्वतःवर करून पाहायचे ठरवले. सिरिंज सुईत नीट बसेना, त्यामुळे त्यांच्या पाठीतून बराच द्रव वाहून गेला आणि प्रयोग अर्धवट राहिला. मग त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांच्यावर तो पार पडला. बधिर पायांच्या नडगीवर हातोडीने ठोकूनही त्यांना वेदना झाली नाही. पुढे दोघांचीही डोकी धरली. बीअर यांचे दुखणे आडवे होताच थांबे, आणि द्रव गळाल्यामुळेच ते होते असे अनुमान त्यांनीच काढले. त्या काळच्या जाड सुयांच्या जागी आता पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुया आल्याने हे प्रमाण साधारण शंभरात एकावर किंवा त्याहूनही खाली आले आहे. एपिड्यूरलमध्ये, म्हणजे आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत औषध सोडण्याच्या भुलीत, सुई बरीच जाड असते. ती चुकून आवरणाच्या आत गेली, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना ही डोकेदुखी होते.

उशीचा दोष मनातून काढून टाका. भूल घेतल्यावर २४ तास सपाट पडून राहण्याचा जुना सल्ला पुष्कळ ठिकाणी अजून दिला जातो, पण त्याने ही डोकेदुखी टळत नाही असे तपासांत दिसून आले आहे. एकदा ती सुरू झाल्यावर आडवे राहिल्याने बरे वाटते, एवढेच. सक्तीने पडून राहणे बाळंतिणीला उलट अपायकारक असते, कारण पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

आता आपोआप बरे होण्याविषयी. बहुतेकींना एक ते दोन आठवड्यांत आराम पडतो आणि तोवर पॅरासिटामॉल, पुरेसे पाणी व मर्यादित कॅफीन यांवर भागते. परंतु तुम्हाला पाजायलाही बसता येत नसेल, तर केवळ सोसत राहण्यात अर्थ नाही. तुम्ही आजच, ज्या रुग्णालयात भूल घेतली तिथल्या भूलतज्ज्ञांना गाठावे. अशा वेळी ब्लड पॅच हा उपाय करतात. दंडातून काढलेले तुमचेच १५ ते २० मिलिलीटर रक्त पाठीत, आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत सोडतात. ते गोठून छिद्र बुजते आणि डोके पुष्कळदा काही तासांतच उतरते, काहींना दुसऱ्यांदा पॅच द्यावा लागतो. ताप असेल तर तो करत नाहीत, आणि पॅचनंतर काही दिवस जड उचलणे टाळावे लागते.

प्रत्यक्ष तपासणीचा माझा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. बाळंतपणानंतरचे डोके प्रत्येक वेळी सुईमुळेच दुखते असे नाही. प्रसूतीनंतरही रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया हा गंभीर विकार होऊ शकतो, मेंदूच्या नीलेत रक्ताची गाठ होऊ शकते. आडवे झाल्यावरही दुखणे थांबेनासे झाले, ताप आला, नजर अंधुक झाली, झटका आला किंवा गुंगी वाटू लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : पाय कायमचे लुळे पडू शकतात का? या एका भीतीने माझी झोप उडाली आहे.

तसे होऊ शकते. पण कायमची इजा लाखात एखाद-दुसऱ्या स्त्रीला होईल इतकी विरळ आहे. मांडीला बधिरपणा किंवा पाऊल उचलता न येणे हे प्रसूतीनंतर कधीकधी दिसते. परंतु बाळाच्या डोक्याचा ओटीपोटातील तंतूंवर पडलेला दाब किंवा पाय बराच वेळ एका स्थितीत राहणे, ही कारणे सुईपेक्षा अधिक वेळा आढळतात, आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत ते महिन्यांत बऱ्या होतात.

ज्यात वेळ दवडता येत नाही असे दोन प्रकार आहेत : मणक्याच्या पोकळीत रक्त साचणे आणि तिथे पू होणे. रक्त साचून मज्जातंतू दबले, तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. भूल दिल्यापासून चार तास उलटूनही गुडघा न वाकवता पाय गादीवरून उचलता आला नाही, किंवा उतरलेला बधिरपणा पुन्हा वाढू लागला, तर परिचारिकेला ‘भूल अजून उतरली नाही’ एवढेच न सांगता डॉक्टरांना बोलावण्यास सांगावे. घरी गेल्यावर पाठीत तीव्र वेदना व ताप, शौच-लघवीवरचा ताबा जाणे, ही लक्षणेही त्याच तातडीची आहेत.

प्रश्न : शस्त्रक्रिया चालू असताना भूल अपुरी पडली तर?

सुरी लावण्यापूर्वी थंड बोळा पोटावरून छातीपर्यंत फिरवून ‘गार लागते का’ असे विचारले जाते. तिथे भिडेने ‘नाही’ म्हणू नका. पोटात ओढल्यासारखे, ढवळल्यासारखे वाटणे अपेक्षित असते, पण तीक्ष्ण वेदना सोसण्याची काहीही गरज नाही. ती जाणवताच सांगावे. शिरेतून औषध देऊन किंवा गरज पडल्यास पूर्ण भूल देऊन ती थांबवता येते.

प्रश्न : मला रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शने चालू आहेत. मला ही भूल चालेल का?

चालू शकते, पण वेळ पाळावी लागते. लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिनची प्रतिबंधक मात्रा असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास आणि उपचाराची मोठी मात्रा असेल तर किमान २४ तास जाऊ देतात. कमी मात्रेतील ॲस्पिरिनमुळे अडत नाही. प्लेटलेट ७०,००० किंवा त्याहून अधिक असतील आणि रक्तस्रावाची दुसरी प्रवृत्ती नसेल, तर बहुधा स्पायनल देतात. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला, किती वाजता आणि किती मात्रेचे घेतले, ते कागदावर लिहून प्रसूतीच्या पिशवीत ठेवा. कळा अवेळी सुरू झाल्या, तर भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतील.