पंखे फिरतात, पण पडदा काळाच

प्रश्न : सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. डीडीआर ५ रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, ग्राफिक्स कार्ड वेगळं. मदरबोर्डच खराब निघाला का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, बोर्डाला एवढ्यात शिव्या देऊ नका. आधी मॉनिटरची वायर बघा. मागच्या मे महिन्यात भुसावळला भाच्याचं मशीन जोडताना मी दोन तास घाम गाळला. वायर बोर्डाच्या पोर्टात होती आणि प्रोसेसर 'एफ'वाला, म्हणजे त्यात ग्राफिक्सच नाही! वायर कार्डाला लावली अन् चित्र आलं. वीस वर्षं रिपेरिंग करतोय, तरी.

ते ठीक असेल तर प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर वायर तपासा. ती राहिली तरी पंखे फिरतात, म्हणून माणूस फसतो. मग मेन स्विच बंद करून रॅम काढा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा, 'टक्' आवाज येईपर्यंत. तरी नाहीच, तर एकच पट्टी लावून बघा.

आणि घाई नको. डीडीआर ५ पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं घेते. तेवढा वेळ पडदा काळाच. चहा टाका तोवर. बऱ्याच बोर्डांवर छोटे दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टीम सुरू होणं). कुठला पेटलेलाच राहतो ते कळवा, पुढचं सांगतो.