पद्मिनी गंजलीय, करायची की सोडायची?

प्रश्न: नमस्कार काका. आमच्या आबांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी आहे, मालवणजवळ गावच्या घरी, समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येते. आबा गेल्यापासून गाडी पडवीच्या बाजूला झावळांच्या मांडवात उभी आहे, वरून ताडपत्री घातलेली. यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा मी आणि भावाने ताडपत्री काढली तर दरवाज्यांच्या खालच्या कडेला सगळीकडे रंगाचे फुगे, बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालची लाल माती दिसली. इंजिनपण जाम आहे. गावातला डेंटर म्हणतो ऐंशी हजारात नवीकोरी करून देतो, भंगारवाला वीस हजार देतोय, मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो देऊन टाक, आणि मोठे काका म्हणतात "इकू नको रे, आबांची आठवण आसा ती". आधी इंजिन सुरू करून बघू का? काहीच कळत नाहीये.
(एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर: इंजिन राहू दे बाजूला. सगळे तिथूनच सुरुवात करतात, एकदा धडधडलं की घरातले सगळे भावूक होतात आणि मग निर्णय तिथेच होऊन जातो, पुढचं काही बघितलंच जात नाही. जाम इंजिन हा या गाडीतला त्यातल्या त्यात सोपा प्रॉब्लेम आहे. 1089 सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, साधं यंत्र. कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने हेच बनत होतं, आणि मुंबईत पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे हे इंजिन डोळे मिटून खोलणारे मेकॅनिक अजून आहेत. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, काही दिवस तसंच ठेवा, मग हाताने फिरवून बघा, स्टार्टर मारू नका. नाहीच सुटलं तर खोलून बोअर-पिस्टन करावं लागेल. खर्च आहे, पण पैसे टाकले की सुटणारी गोष्ट आहे ती.

पत्र्याचं तसं नाही. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. म्हणजे फ्लोअर, दरवाज्याखालचा आडवा डबा (गॅरेजवाले त्यालाच रनिंग बोर्ड म्हणतात), दरवाजे ज्याला टांगलेत ते खांब, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड, दरवाज्याची बाहेरची कातडी, यातलं काहीही सडलं तरी मला फारशी चिंता वाटत नाही, ते बदलता येतं, नाहीतर बनवता येतं. फ्लोअरचं भोकसुद्धा एकटं असेल तर त्याचा बाऊ नको. पण रनिंग बोर्ड दोन्ही बाजूंनी गेले असतील आणि खांबाचा पायथाही मऊ झाला असेल तर विषय वेगळा.

म्हणून आधी हे तपासा, एक रविवार पुरेल. सगळं मॅटिंग आणि खालचं नमदं काढून टाका, ते स्पंजसारखं ओलं असणार आणि बरंचसं नुकसान त्यानेच केलेलं असणार. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड, फ्लोअरच्या कडा, डिकीचा तळ असं ठोकत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला थप्प वाजतो, आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तिथे मुका आवाज येतो. शंका आली तिथे लोहचुंबक लावा, लांबीवर चुंबक धरत नाही. मऊ वाटलं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा आणि भोक पडलं तर पडू द्या, ते आधीच पडलेलं होतं, फक्त रंगाने झाकलेलं होतं. नंतर पुढचा दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचला. फक्त बिजागरी खिळखिळी असेल तर ते कळतं, पण बिजागरीसकट खांबाचा पत्रा हलताना दिसला तर तिथे थांबा.

त्यानंतर मागच्या पाटा स्प्रिंगा बॉडीला जिथे अडकवल्यात त्या जागा आणि पुढचं सस्पेन्शन जिथे बोल्ट केलंय ती जागा. हे बघायला गाडी उचलावी लागेल, आणि कृपा करून नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका, घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, त्यासुद्धा सडलेल्या पत्र्याखाली नाही तर अॅक्सलखाली. जॅक लावताना रनिंग बोर्ड बिस्किटासारखा चुरला तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. आणि उचलल्यावर दरवाज्याच्या फटी बघा, आधी सरळ असलेली फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली तर गाडी मधून वाकतेय.

आता आपल्याकडे एवढा गंज का धरतो ते सांगतो कारण पुढच्या निर्णयाचा त्याच्याशी संबंध आहे. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी लागतं, पण खारं पाणी असलं की काम कितीतरी जोरात होतं, मीठ पाण्यातून वीज वाहायला मदत करतं आणि पत्र्यावरचा संरक्षक थरही फोडतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच तुमच्या दरवाज्याच्या पोकळीत बसलेल्या मिठाला सुटतं, आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं, पाऊस लागायलाच हवा असं नाही. आणि किनाऱ्यावर 75 च्या वर हवा किती महिने असते ते तुम्हाला मी काय सांगू. वर ताडपत्री! ताडपत्रीने पाऊस अडतो हे खरं, पण खालून मातीतली वाफ वर येते ती आत कोंडते, गाडी वर्षभर दमट राहते. उघडी, वारा लागणारी, फक्त वर छप्पर असलेली गाडी बंद ताडपत्रीतल्या गाडीपेक्षा जास्त टिकते. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून रंगाला फुगे येतात. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतल्या बाजूने पत्रा बराच गेलेला असतो, त्यामुळे बाहेर जेवढं दिसतंय त्याच्या दुप्पट काम धरून चला.

आता ऐंशी हजारवाला डेंटर. तो चोर आहे असं मी म्हणत नाही, पण त्याला दोन-तीन गोष्टी विचारा. सडलेला पत्रा कापून काढणार की त्याच्यावरच पट्टी ठोकणार? वेल्डिंग गॅसच्या ज्योतीने करणार की सीओटूने (म्हणजे तारेच्या विजेच्या वेल्डिंगने)? पातळ पत्र्याला सीओटू बरं, गॅसने पत्रा फार तापतो आणि लाटा येतात. नवीन पत्रा कुठला, 20 गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड, म्हणजे गाड्यांना वापरतात तो गुळगुळीत पत्रा) की पडलेल्या पिंपाचा? रनिंग बोर्ड कापताना दरवाज्याच्या चौकटीत अँगल टाकून आधार देणार का, कारण तो दिला नाही तर कापता कापता बॉडी खाली बसते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही. आणि रंगाआधी मला फोटो काढू देणार का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बदलला तर उठून या. ऐंशी हजारात दोन्ही रनिंग बोर्ड, फ्लोअर, चार दरवाजे आणि पूर्ण रंग असं सगळं खरोखर कापून-जोडून होणं मला कठीण वाटतं, त्या भावात बहुतेक लांबी आणि रंगच मिळतो. दिवाळीला गाडी चकचकीत दिसेल आणि पुढच्या गणपतीला त्याच जागी फुगे. आमच्या भागात अशा कितीतरी गाड्या बघितल्यात. पत्र्याचं मोठं काम असेल तर मी सरळ घाट चढून कोल्हापूरला नेईन, ट्रेलरवर टाकून, चालवत नाही. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोरबाजारात शोधता येतात, काच, बीडिंग, हँडल वगैरे आधी गोळा करा मग रंगाला हात लावा.

चुलतभाऊ एक आयडिया नक्की सुचवेल, की दुसरी धडधाकट पद्मिनी घ्यायची आणि आबांचा नंबर तिला लावायचा. ते करू नका. चासी नंबर बॉडीतच ठोकलेला असतो, तो कापून दुसरीकडे जोडणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या गाडीचे दरवाजे, मडगार्ड घ्या, त्याला कोणी काही म्हणत नाही.

कागद बघितलेत का? हे खरं तर पहिल्यांदा बघायला हवं. आरसी आबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, मग दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून, गाडी दाखवून रिन्यू, सोबत ग्रीन टॅक्स, आणि जुन्या गाड्यांची रिन्यूअलची फी आता चांगलीच वाढलीय. मध्ये खंड पडला असेल तर दंडही येईल. पेट्रोल गाडी 15 वर्षांनी बंद, ती भानगड दिल्लीची, सिंधुदुर्गात नाही. व्हिंटेज म्हणून नोंदवायचं कोणी सुचवलं तर, 2021 च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, म्हणजे तुमची 2032 नंतर, आणि ती नोंद झाली की रोज बाजारात न्यायची सोय नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच काढता येते.

तर माझं मत. खांब आणि सस्पेन्शनच्या जागा ठणठणीत असतील तर करा, फ्लोअर आणि एखादा रनिंग बोर्ड गेला असला तरी करा. खर्च विक्रीतून निघणार नाही, पद्मिनीला तेवढा भाव नाही, हे मोठ्या काकांसकट सगळ्यांनी आधी मान्य करा आणि वर्गणी कोण किती देणार तेही आधीच ठरवा. खांब आणि स्प्रिंगच्या जागाही गेल्या असतील तर सोडा. आबांची आठवण म्हणून स्टिअरिंग, मीटर, बॉनेटवरचं नाव काढून घ्या, बाकी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला देऊन आरसी रद्द करून घ्या, नुसती भंगारवाल्याला देऊ नका, कागदोपत्री गाडी तुमच्याच डोक्यावर राहते.

आणि एक अट, दोन्ही बाजूंना लागू. करून झाल्यावर गाडी पुन्हा त्याच मांडवात मातीवर उभी राहणार असेल तर आजच सोडा. खाली कोबा हवा, कोब्याखाली प्लास्टिकचा कागद, वर पक्कं छप्पर, बाजू उघड्या. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवायची, दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची, आणि आठवड्यातून एक चक्कर. मुंबईत राहून हे कोण करणार ते मला नाही, एकमेकांना विचारा.

प्रश्न: माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. मागचा हौदा पूर्ण चाळणी झालाय, अक्षरशः हाताने तुकडे निघतात. सगळे हसतात. करण्यासारखी आहे का?
(एक वाचक, हर्णै)

उत्तर: हसू द्या. वरच्या पद्मिनीपेक्षा तुमची केस सोपी असू शकते. जीपची चासी वेगळी शिडीसारखी असते आणि हौदा तिच्यावर नुसता बोल्ट केलेला असतो, त्यामुळे हौदा गेला तर नवा बसवता येतो, जीपच्या बॉड्या आजही बनतात, हरयाणातलं मंडी डबवाली तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तुम्ही फक्त चासी बघा. हातोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जा, विशेष करून मागची आडवी पट्टी आणि स्प्रिंगचे ब्रॅकेट, तिथे वाळू आणि चिखल साचतो. हर्णैला तुम्ही गाडी पुळणीवर नेली असणारच, मासळीच्या लिलावाला सगळेच नेतात, त्यामुळे चासीच्या पोकळीत खारी वाळू आहे असं धरून पाइप घालून धुवून घ्या, मगच तपासा. चासी चांगली असेल तर बिनधास्त करा. फक्त आरसीवर जशी बॉडी लिहिलीय तशीच बसवा, लांब-रुंद करायचा मोह नको.

प्रश्न: गंजावर मारायचं काळं होणारं केमिकल मिळतं ते खरंच चालतं का? आणि आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल फवारतात ते बरोबर आहे का?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: केमिकल वरवरच्या पातळ गंजावर चालतं. त्यात फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, ते गंजाचा एक स्थिर काळा थर करतं आणि त्यावर प्रायमर मारता येतो. पण आधी तारेच्या ब्रशने सैल गंज काढलाच पाहिजे, आणि भोक पडलेल्या पत्र्यावर ते म्हणजे पैसे फुकट. जळक्या ऑइलचं मात्र मी नाहीच म्हणेन. पत्र्याला थोडा फायदा होतो, खोटं कशाला बोलू, पण सस्पेन्शनचे रबर बुश त्याने फुगून खराब होतात, ब्रेकवर उडालं तर ब्रेक धरत नाही, आणि अंगणात गळलेलं ऑइल जांभ्यातून झिरपत विहिरीत जातं. त्याऐवजी मेणाचं अंडरकोट मिळतं ते घ्या, मे महिन्यात, गाडी धुवून पूर्ण वाळल्यावर, आणि फवारणाऱ्याला पाणी जायची भोकं बुजवू नको म्हणून समोर उभं राहून सांगा.